आबांच्या फोटोची चौकट

माझा नवरा श्रावणात गेला. त्याच्या मागे ज्या गोष्टी उरल्या त्यांत एक अर्धी वेबसाइट होती. कपडे, चष्मे, पावसाळी बूट यांचं काय करायचं ते लोक सांगत होते. वेबसाइटचं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

तो पुण्यातल्या एका कंपनीसाठी वेबसाइटी बनवायचा. शेवटची काही वर्षं ते काम लोणावळ्यातल्या आमच्या घरातूनच चालायचं. ही एक मात्र त्याची स्वतःची होती. कामशेतच्या पुढे, वडिवळ्याच्या बाजूला त्याच्या आईचं माहेर. तिथल्या शिवारात भाताच्या प्रत्येक खाचराला नाव आहे. कोंडीचं, लांबोळं, वळणाचं, मोहटीचं, तीनकोनी. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर असतात, ही नावं फक्त तोंडात राहिलेली. जमिनी विकल्या जाऊन बंगले उठायला लागले तशी खाचरं गेली आणि त्यांच्याबरोबर नावंही जायला लागली. रविवारी तो तिकडं जायचा, बांधावर उभा राहून विचारायचा, फोटो काढायचा, आणि घरी येऊन प्रत्येक शिवाराचं एक पान लिहायचा.

त्यातलं आबांच्या शिवाराचं पान सगळ्यांत मोठं. आबा म्हणजे त्याच्या आईचे चुलतभाऊ, वय चौऱ्याऐंशी. त्या पानात एकोणीस खाचरं होती. सोळांची नावं लिहिलेली आणि शेवटच्या तीन खाचरांपुढे नुसती रेघ. ती तीन नावं आता आबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, आणि आबा हल्ली एकच गोष्ट दोनदा सांगायला लागलेत असं त्यांच्याकडची माणसं म्हणत होती. मला ते पान पूर्ण करायचं होतं. दुसरं काही करायचं सुचत नव्हतं, म्हणूनही असेल.

मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संगणकावर पुस्तकांची नोंद करते, त्यापलीकडे मला फारसं येत नव्हतं. पण त्याची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. नवीन काही शिकला की तो तीत आपल्यापुरतं लिहून ठेवायचा. आबांच्या पानासाठी काय काय जोडलं, कोणत्या फायलीत काय बदललं, सगळं त्या वहीत निळ्या शाईनं होतं. सकाळी चहा घेऊन मी ती वही उघडायची आणि एक एक ओळ करून पाहायची.

मला समजलं ते असं. तो मजकूर मार्कडाउनमध्ये लिहायचा. म्हणजे अगदी साधी फाइल. शीर्षकाआधी एक खूण, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन तारका, बस. कुणीही वाचू शकेल अशी. पण साध्या मजकुराला जे जमत नाही त्यासाठी तो जावास्क्रिप्टमध्ये छोटे छोटे तुकडे तयार करून ठेवायचा. त्यांना कंपोनंट म्हणतात, वहीत मात्र त्यानं ‘तुकडे’च म्हटलं होतं. एक तुकडा खाचराचा होता. त्यात नाव, पाणी कुठून येतं, पूर्वी कोणता भात लावायचे, आणि नावामागची हकीकत. मजकूर लिहिता लिहिता जिथं खाचर आलं तिथं तो तुकडा ठेवून द्यायचा की पानावर त्याची पेटी उमटायची. असं मिश्रण चालावं म्हणून आधी एक पॅकेज घ्यावं लागतं, मग रचनेच्या फायलीत सांगावं लागतं की या प्रकारच्या फायलींनासुद्धा पानं समज. हे सगळं त्यानं करून ठेवलेलं होतं. पण त्याचा लॅपटॉप कंपनीचा होता, तो त्यांनी परत नेला. मजकुराच्या फायली आणि फोटो एका पेनड्राइव्हवर होते, बाकी सगळं माझ्या जुन्या संगणकावर पहिल्यापासून मांडावं लागलं.

पहिले तीन दिवस खाचरांच्या पेट्या उमटल्याच नाहीत. चूक दाखवणारी ओळही येत नव्हती, नुसती कोरी जागा. चौथ्या दिवशी वहीच्या समासात लहान अक्षरांत लिहिलेलं सापडलं, ‘तुकड्याचं नाव कॅपिटल, मोठ्या इंग्रजी अक्षरानं सुरू करायचं, नाहीतर तो गप्प बसतो.’ मी सगळी नावं लहान अक्षरांत लिहिली होती. मोठं अक्षर केलं आणि सोळा पेट्या एकदम पानावर आल्या. शेजारच्या खोलीत कुणी असतं तर मी हाक मारली असती.

त्या महिन्यात लोणावळ्यात ऊन असं पडलंच नाही. ग्रंथालयात दर वर्षीप्रमाणे पुस्तकांवर पांढरी बुरशी धरली. दिवसभर मी कोरड्या फडक्यानं पुस्तकांचे कणे पुसायचे. त्या कामात बोलावं लागत नाही. संध्याकाळी घरी आल्यावरही बोलावं लागत नसे. कधी कधी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हटलं की आवाज खरखरत निघायचा, इतका वापर कमी झालेला.

भाद्रपद संपता संपता मी स्वतःचा असा एक तुकडा केला. त्याच्याविषयी एक पान लिहिलं होतं, चार परिच्छेदांचं. त्यावर त्याचा फोटो लावायचा होता. नुसता लावला तर तो कुठंतरी सहलीला गेल्यासारखा दिसे. म्हणून एक चौकट केली. फिकट चंदनी किनार, आणि वरच्या दोन कोपऱ्यांतून खाली झुकणारी झेंडूच्या रंगाची ठिपक्यांची माळ. ती माळ नीट झुकायला मला आठ दिवस लागले. वहीत एक नियम होता. सगळ्या पानांना मिळून एक फाइल असते आणि तिच्यात लिहिलं की साधा फोटो आला तर त्याजागी अमुक तुकडा वापर, तर पानात वेगळं काही लिहावं लागत नाही. मला ते सोयीचं वाटलं. त्या वेळी वेबसाइटवर फोटो एकच दिसत होता, त्याचा. बाकीच्या फोटोंचा पत्ता चुकल्यामुळे ते उमटतच नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी पत्ता दुरुस्त केला आणि सगळे फोटो उमटले.

मी सगळी पानं तपासली, हे मला सांगायला हवं. अक्षर न् अक्षर तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. पण फोटोंभोवतीची माळ माझ्या डोळ्यांना दिसली नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत तशीच माळ घातलेला फोटो दोन महिने होता, आणि त्याच्याकडे पाहत पाहत मी चहा घेत होते. फोटो म्हटलं की माळ असायचीच, इतकी सवय नजरेला झाली होती.

दिवाळी आठ दिवसांवर आलेली. सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी आबांच्या पानाचा दुवा त्यांच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आबांचं पान. सगळ्यांनी पाहावं.’ मग फोन पर्समध्ये, पर्स कपाटात, आणि मी बुरशीकडे वळले.

दुपारी डबा खाताना फोन पाहिला तर सव्वीस न घेतलेले कॉल. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. भावपूर्ण श्रद्धांजली. आबांच्या आत्म्यास शांती लाभो. आधारवड कोसळला. एकानं विचारलं होतं, किती वाजता उचलणार? त्यानंतर नातवंडांपैकी कुणीतरी लिहिलेलं, ‘आबा जिवंत आहेत. कृपया थांबा.’ आणि त्याच्याखालीही दोघांनी हात जोडले होते.

मी अर्धी रजा टाकली. लोकलनं कामशेत, तिथून जीपनं पुढं. जीपमध्ये काय बोलायचं ते मनात जुळवत होते. ते पान अर्धं राहणार, आबा आता मला दारात उभं करणार नाहीत, असं धरूनच मी उतरले.

ओटीवर आबा लसूण सोलत बसले होते. त्यांच्याजवळ त्यांची लेक, सुदुंबऱ्याला दिलेली, डोळे सुजवून बसलेली. मला पाहताच ती उठली.

“वहिनी, अवो काय केलंत हे? सुदुंबऱ्यापासनं रडत आले मी गाडीवर. आमचे हे म्हनले, हळू घेऊ का? मी म्हनलं, आता हळू काय अन् जोरात काय.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“ही दारात आली,” आबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “अन् हंबरडाच फोडला. म्या हितं लसूण सोलतोय. म्हनलं, कोन गेलं गं? तर म्हनती, तुमीच.”

“मग काय म्हनायचं? फोटोला हार व्हता.”

“व्हय, पन म्होरं मी बसलेला. मला बघून बी आणखी दोन मिनिटं रडली. म्हनलं, बाई, थांबशील का न्हाई?”

“सुरू झालेलं रडू असं थांबतंय व्हय?” ती म्हणाली आणि हसू आलं म्हणून पदर तोंडाला लावला.

मी ओटीच्या कडेला बसले. तुकडा, फाइल, सगळ्यांना लागू होणारा नियम, असं काही सांगू लागले. आबांनी हात वर करून थांबवलं.

“ते ऱ्हाऊ दे. त्यो खालच्या आळीचा, त्यानं काय लिव्हलंय ठावं हाय? आबा देवमानूस व्हते. माझा बांध कोरून कोरून त्यानं हातभर आत घेतला, अन् आता मी देवमानूस. ते पुसू नगा म्हनलंय मी. ऱ्हाऊ दे तसंच.”

“आबा, मी सगळ्यांना कळवते, चूक माझी म्हणून.”

“लय आयुष्य वाढलं म्हनं माझं. किती ते कुनी सांगंना.”

मग त्यांनी ते पान पाहायला मागितलं. मी माझ्या फोनवर उघडून दिलं. स्वतःचा हार घातलेला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. “बरा दिसतोय,” म्हणाले. बोट सरकवत खाचरांच्या पेट्यांपर्यंत आले आणि थांबले.

“उंबराचं हितं वर कुनी घातलं?”

“मी. अकारविल्हे लावलंय. म्हणजे अ, आ, इ, ई असं. शोधायला सोपं जातं.”

“कुनाला सोपं जातं? अगं, उंबराचं पार खाली. कड्याखालचं पयलं. कड्याखालचं भरलं की कोंडीत पानी उतरतं, कोंडीतनं लांबोळ्यात. तू पानी डोंगरावर चढवलंस की, सूनबाई.” लेकीकडे वळून म्हणाले, “मला मारलं ते मारलं, पानी बी उलटं केलं.” मग मला विचारलं, “भाच्यानं असंच लिव्हलं व्हतं?”

नव्हतं लिहिलं. त्याच्या फायलीत कड्याखालचं पहिलं होतं, मग कोंडीचं, मग लांबोळं. मला वाटलं होतं की क्रम लावायचा राहून गेला. एका सकाळी बसून मी तो ‘नीट’ केला होता. ग्रंथपालाची पंचवीस वर्षांची सवय. तो रविवारी वरून खाली, पाण्याच्या पायरीनं बांधाबांधानं चालत गेला होता आणि तसाच उतरत लिहीत गेला होता, हे मला त्या ओटीवर समजलं. मी त्याच्याबरोबर तिकडं कधी गेले नव्हते. रविवारी मी वाचत बसायची.

तरी मी विचारलं. दुसऱ्यांदा यायचं धैर्य होईल की नाही याची खात्री नव्हती. “आबा, खालच्या तीन खाचरांची नावं राहिलीत.”

“ठावं हाय.”

“सांगाल?”

“आज न्हाई. आधी माझा हार काढ. हार घातलेला मानूस बोलत नसतो.” लसणाच्या पाकळ्या त्यांनी लेकीच्या ताटलीत सारल्या. “अन् घरात बसून नावं येत न्हाईत. पायाखाली बांध लागतो. भात काढायच्या आत ये.”

निघताना लेकीनं आतून एक पिशवी आणून दिली. चकल्या आणि करंज्या होत्या. “औंदा तुमच्याकडं तळन नसनार,” ती म्हणाली. “माहेरी द्यायला बांधून ठेवलेलं, रडता रडता तसंच उचलून आनलं व्हतं. रडन्यात कुनी खाल्लंच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांची मिळून असलेली ती फाइल उघडली. काढायची होती एकच ओळ. ती काढली आणि पानं पुन्हा उघडली. आबा उन्हानं डोळे बारीक करून, पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून नुसते उभे होते. लावणीच्या बायका वाकलेल्या होत्या. कुणाचाच फोटो गेलेल्या माणसाचा वाटत नव्हता. मग त्याचं पान उघडलं. त्याच्या फोटोभोवतीचीही माळ अर्थातच गेली होती. तो लोहगडाच्या पायरीवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. त्याच्या पानात चौकटीचा तुकडा आता वेगळा, हातानं लिहायचा होता. तीन शब्दांचं काम. मी फाइल तशीच बंद केली. पंधरवडाभर तो त्या सगळ्यांसारखाच साधा राहिला, आणि रोज सकाळी मी इतर कशाच्या आधी ते पान उघडत होते.

खाचरांचा क्रमही मी त्याचा त्याला परत केला.

भाऊबीज झाल्यावर मी गेले. भात पिवळं पडलं होतं, लोंब्या जड होऊन बांधावर ओणवलेल्या. इंद्रायणी भाताचा वास चालता चालता कपड्यांना लागत होता. आबा काठी टेकत पुढं आणि मी मागं. कड्याखालून सुरुवात केली, कारण मधून कुठून सुरू करायला ते तयार नव्हते. प्रत्येक बांधावर थांबून ते पुढच्या खाचराचं नाव घेत आणि पाणी कुठून फुटतं ती जागा काठीनं दाखवत. सोळाच्या सोळा त्याच्या यादीप्रमाणे निघाली. त्याची चूक एकही नव्हती.

उंबराच्या बांधावर ते दगडावर टेकले. “दाव,” म्हणाले.

मी फोन दिला. स्वतःचा फोटो पाहून त्यांनी मान हलवली. बोटानं पानं उलटता उलटता ते भाच्याच्या पानावर गेले. मी अडवलं नाही.

“ह्याचा बी काढलास?”

“हो. एकाच ओळीनं सगळ्यांचा निघाला.”

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. खालच्या बाजूला कुणाच्या तरी खाचरात भाताला कोयता लागला होता, त्याचा एकसारखा आवाज येत होता.

“त्याला घालावा लागंल, सूनबाई,” ते म्हणाले. “न्हाईतर लोक इचारत येतील, हल्ली कुटं असतो म्हनून. तू काय सांगशील?”

मी फोन परत घेतला. ते तोवर काठी रोवून उठले आणि चालू लागले.

“ह्ये घोळाचं,” ते पुढच्या बांधावर म्हणाले. त्याच्यापुढचं जावयाचं. जावई लावणीला आला आणि कमरेएवढ्या चिखलात रुतला, चौघांनी ओढून काढला, म्हणून. शेवटचं खाचर मात्र दिसत नव्हतं. तिथं आता एका बंगल्याची भिंत होती, आमच्या दोघांच्याही डोक्यावरून जाणारी. आबांनी भिंतीला तळवा लावला.

“ह्याच्या आत. खिचडीचं.”

“का बरं?”

“लावनी झाली की आवन, म्हंजी रोपं, उरायचं. इंद्रायनीचं मूठभर, आंबेमोहराचं थोडं, कुनाकुनाचं काय काय. फेकायचं कसं? समदं हितं आनून लावायचं. कापनीला कळायचं न्हाई कुठला भात कुठला. ते आमी कंदी इकलं न्हाई. घरच्या घरी खायाचं.” मग भिंतीवरचा तळवा काढून, “तुझ्या सासूला लय आवडायचा त्यो भात. म्हायेरी आली की आधी त्योच मागायची.”

ही गोष्ट माझ्या नवऱ्यानं ऐकली होती का, मला माहीत नाही. ऐकली असती तर लिहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन पेट्या भरल्या. घोळाचं, जावयाचं, खिचडीचं. पान चालवून पाहिलं, कुठं चूक निघाली नाही. मग त्याची फाइल उघडली. फोटोच्या ओळीच्या आधी चौकटीचा तुकडा उघडला, ओळीनंतर बंद केला. नाव मोठ्या अक्षरानंच लिहिलं. पान पुन्हा आलं तेव्हा माळ वेबसाइटवर एकट्या त्याच्या फोटोला होती.

दुवा ग्रुपवर टाकला. या वेळी लिहिलं, ‘सगळे सुखरूप आहेत. खाचरं पूर्ण झाली.’ थोड्या वेळानं आबांच्या लेकीचा आवाजी निरोप आला, आणि त्यात मागून आबा सांगत होते, जावयाच्या खाचरात चौघांनी न्हाई, सहा जनांनी वढलं, तेवढं नीट कर म्हनावं.

चारचे सहा केले. त्यानंतर करण्यासारखं त्या पानात काही राहिलं नाही. संगणक बंद केला, कपबशी विसळली. घड्याळात सव्वाआठ झाले होते आणि ग्रंथालय दहाला उघडतं.